झुंबरबाईच्या पांढऱ्या कोंबड्या

डोणगावच्या झुंबरबाईकडून लोक काय काय मागून नेत. सूप नेत, पायली नेत, पाहुणे आले की घोंगडी नेत. पण झुंबरबाई स्वतः कुणाच्या दारी काही मागायला गेली, असं नऊ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. घरातलं मीठ संपलं तर ती आळणी खाई. चूल विझली तर शेजारून विस्तव आणायची सगळ्या गावाची रीत, पण ही बाई काडेपेटीवर पैसे घालवी. एवढा ताठा गाव एरवी कुणाचा चालू देत नाही. झुंबरबाईचं कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नसे.

कारण असं होतं. तिचा नवरा उकंडराव हिवतापानं गेला, त्याच्या तेराव्याच्या दिवशी तिची थोरली जाऊ तानुबाई ओसरीवर चार बायकांत बसून बोलून गेली, "आता पाहा, पळीभर तेलापासून चिमूटभर मिठापर्यंत ही आमच्याच दारी उभी राहीन." झुंबरबाई दाराआड होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला आणि तो तिच्या काळजात जाऊन बसला. त्या दिवसापासून तिनं थोरल्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मध्ये फक्त चार घरं, पण विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या तरी एक पूर्वेला बघे, दुसरी पश्चिमेला. आणि थोरल्या घरी मागायचं नाही तर मग कुणाकडेच मागायचं नाही, असा हिशेब झुंबरबाईनं आपला आपणच लावून घेतला.

तिची एकुलती लेक देऊळगाव राजाला दिलेली. दोन एकर कोरडवाहू जमीन ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या खंडावर, दिलेली, त्यातून पोटापुरती ज्वारी येई. शिवाय दोन बकऱ्या आणि पाच गावरान कोंबड्या. एवढ्यावर ती जगत होती आणि मान वर ठेवून जगत होती. पण अंग थकत चाललं होतं. उद्या हातपाय चालेनात, तर तानुबाईचं म्हणणं खरं होणार, ही भीती तिला रात्रंदिवस खात होती.

अशात पौषात मेहकरला शेतकी खात्याचं प्रदर्शन भरलं. गावातल्या बाया गाडीतून निघाल्या, झुंबरबाई पायी निघाली, कारण गाडीत बसायचं म्हणजे कुणाला तरी 'मले घ्या' म्हणावं लागलं असतं. मांडवात लोखंडी नांगर होते, कपाशीच्या नव्या जाती होत्या, हातभर लांब मुळे होते. झुंबरबाई थबकली ती मात्र एका जाळीच्या खुराड्यापुढे. आत पांढऱ्याशुभ्र कोंबड्या होत्या आणि त्यांचे तांबडेभडक तुरे एका डोळ्यावर कललेले होते, अगदी फेटा तिरपा बांधलेल्या नवरदेवासारखे. खात्याचे साहेब लोकांना सांगत होते की ही विलायती कोंबडी वर्षाला दीडशे अंडी देते. झुंबरबाईची गावरान वर्षाकाठी पन्नास-साठ देऊन थकायची. तिनं तिथंच उभ्या उभ्या बोटांच्या पेरांवर मोजलं, पेरं संपली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि तिला आपलं म्हातारपण एकदम सोपं दिसायला लागलं.

चार कोंबड्या आणि एक कोंबडा दहा रुपयांना. पुढच्या बाजाराला तिनं दोन्ही बकऱ्या विकल्या, वर गावरान कोंबड्याही पाचच्या पाच विकून टाकल्या. विलायती आल्यावर गावरान ठेवायच्या कशाला? खात्याच्या कारकुनानं पक्ष्यांबरोबर एक छापील कागदही दिला आणि बजावलं, "बाई, हा कोणाकडून तरी वाचून घ्या हं." झुंबरबाईनं मान डोलावली, कागदाची घडी घातली आणि चंचीत टाकली. वाचून घ्यायचा म्हणजे कुणाला तरी 'वाचून द्या' म्हणायचं. कोंबड्या तर आपण लहानपणापासून पाळल्यात, त्यात वाचायचं काय एवढं!

कोंबड्या दहा रुपयांत आल्या, पण त्यांच्या मागून खर्चाची रांग लागली. जुनं टोपलं आता चालेना. बुरडाकडून तट्टे आणले, खुराडं जमिनीपासून हातभर उंच बांधलं. पाण्याला मातीची परळ, अंडी घालायला दोन नव्या टोपल्या. गावरान कोंबडी उकिरडा उकरून आपलं पोट भरते. या बयांना ज्वारीची कणी लागे, तीही वेळेवर. एका घासाला उशीर झाला की चौघी मिळून असा गलका करत की शेजारची आशाबाई भिंतीवरून विचारी, "झुंबरबाई, मेमसायबांचा चहा राह्यला काय वो?" फुकटात आली ती फक्त पिसवांवर टाकायला चुलीची राख आणि कुंपणाला बाभळीच्या काट्या. झुंबरबाई सहसा हसत नसे, पण पहिलं अंडं हातात आलं तेव्हा हसली. दुधासारखं पांढरं, आणि गावरान अंड्याच्या दीडपट.

मग अंड्यावर अंडं पडत गेलं. आणि इथंच झुंबरबाईचं चुकलं. गावरान कोंबडीची रीत तिला पाठ होती. बारा-पंधरा अंडी झाली की कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालायचं थांबवते, अंग फुगवून टोपलीत बसते आणि उठवलं तर चोच मारते. मग तिला अंड्यांवर बसवायची, एकवीस दिवसांनी पिलं. म्हणून झुंबरबाईनं अंडी उचललीच नाहीत. पंधरा झाली, वीस झाली, टोपली भरली. कोंबड्या यायच्या, अंडं घालायच्या, आणि कुणाचं तरी पोर असल्यासारखं मागं वळून न बघता चालत्या व्हायच्या. झुंबरबाईनं टोपलीत मऊ गवत घातलं, टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, एकीला तर हातानं दाबून बसवून वर पाटी पालथी घातली. तिनं पाटीखाली एवढा आकांत केला की शेवटी झुंबरबाईनंच हात टेकले. होळी झाली, ऊन तापलं, आणि एक दिवस टोपलीतून वास सुटला. चाळीस अंडी गावाबाहेर नेऊन पुरावी लागली. ती पुरताना झुंबरबाईला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, कारण आसपास कुणी नव्हतं.

आठवड्यातून एकदा युसूफ अंडीवाला कावड घेऊन गावात येई आणि अंडी गोळा करून मेहकरला नेई. स्वभावानं मोठा दिलदार, पण बोलायला लागला की कावड खाली ठेवायचं भान नसलेला. झुंबरबाईच्या अंगणातल्या कोंबड्या बघून तो थांबला.

"बाई, ह्या जातीले खुडूक करून राह्यली का तू?" तो म्हणाला. "अवो, ही जात बसतच नाही! मेहकरच्या डाकबंगल्यात खानसाम्यापाशी अशाच हायेत, पाच साल झाले मी पाहून राह्यलो. अंडं देनं एवढंच ह्यांचं काम. पिलं काढाले गावरानच लागते. हिचं अंडं, तिची ऊब."

झुंबरबाईच्या पाच गावरान कोंबड्या कुणाच्या कुणाच्या ताटात जाऊन महिने उलटले होते.

"तू अंडी मले विक ना," युसूफ म्हणाला. "मी चांगला भाव देतो."

"इकीन," ती म्हणाली. "पन ह्या चार म्हाताऱ्या झाल्या मंग काय इकू? पिलं निघाली पाह्यजेत युसूफ. नाही तर माह्या बकऱ्याबी गेल्या अन् मीबी गेली."

ते खरंच होतं. चार कोंबड्यांची अंडी दोन वर्षं पुरली असती, पुढे काय? धंदा म्हणायचा तर पिलं हवीत, आणि पिलं हवीत तर कुणाची तरी खुडूक कोंबडी हवी. कुणाची तरी, म्हणजे मागणं आलं. झुंबरबाई चार दिवस त्या विचाराभोवती फिरत राहिली, पण पाय काही घराबाहेर पडेना. थोडे दिवस थांबू, पैसे साठले की एक गावरान विकत घेऊ, असं तिनं ठरवलं.

पण थांबणं नशिबात नव्हतं. वैशाखातल्या एका भर दुपारी, गाव डोळा लावून पडलं असताना, नाल्याकडून रानमांजर आलं. कोंबड्या ओरडल्या म्हणून झुंबरबाई काठी घेऊन धावली, तोवर पांढरा कोंबडा काट्यांच्या कुंपणापाशी मरून पडला होता. कोंबड्यांच्या आणि मांजराच्या मध्ये तो उभा राहिला असणार, कारण पिसं सगळी एकाच जागी सांडली होती. चारही कोंबड्या वाचल्या. पण कोंबडाच नाही तर यापुढच्या अंड्यात जीव कुठून येणार? घरात ओल्या वाळूच्या परातीत त्या आठवड्याची तेरा अंडी होती. पिलं निघतील अशी ती शेवटचीच, आणि वैशाखाच्या उन्हात तीही आणखी दोन-तीन दिवसच टिकणार होती.

मग मात्र ती निघाली. आधी आशाबाईकडे गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मागायचं, म्हणून शब्दसुद्धा धड जुळेनात. म्हणाली, "तुमची कोंबडी खुडूक हाये का? अर्धलीनं द्या. निम्मी पिलं तुमची." अर्धलीचा रिवाज गावात होताच, त्यामुळे हे मागणं नाही, व्यवहार आहे, असं तिला स्वतःला तरी सांगता येत होतं. आशाबाई हळहळली. उन्हाळ्यात पिलं जगत नाहीत म्हणून तिनं परवाच कोंबडीला पाण्यात बुचकळून, नाकात पीस घालून तिची खूड मोडली होती. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरीही तेच. वैशाखात कोण कोंबडी बसवतं?

"आता साऱ्या गावात एकच खुडूक राह्यली," आशाबाई जरा घुटमळत म्हणाली. "तानुबाईची तांबडी. तानुबाईले खूड मोडनं जमत नाही. तिले दया येते म्हने."

झुंबरबाई घरी आली. परातीसमोर बसली. बराच वेळ बसली. समोर तेरा अंडी आणि चार घरांपलीकडे तो उंबरा. शेवटी तिनं अंडी पदरात घेतली, कारण परातीत घेतली असती तर साऱ्या गावाला दिसली असती, आणि जगात कुणी जळत्या घरातून बाहेर पडत नसेल इतक्या घाईनं ती चार घरं ओलांडून गेली. वेळ घेतला असता तर पाय मागं वळले असते, हे तिला पक्कं माहीत होतं.

तानुबाई ओसरीवर डाळ पाखडत होती. साठीची बाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी जावेला तिनं चालीवरून ओळखलं. सूप थांबलं.

"बाई," झुंबरबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तुमची तांबडी खुडूक हाये म्हनते. एकवीस दिवस द्या. अर्धलीनं." मग आता आलोच आहोत तर सगळंच बोलून टाकावं म्हणून तिनं पुढे सांगितलं, "तुमी म्हनलं होतं मी तुमच्या दारी उभी राहीन. उभी हाये. आता काय म्हनाचं ते म्हना."

तानुबाईनं सूप बाजूला ठेवलं. झुंबरबाईला वाटलं, वळावं आणि जावं. पदरातली अंडी तिच्या पोटाशी गरम लागत होती.

"म्हनलं होतं," तानुबाई शेवटी म्हणाली. "काऊन म्हनलं, ते मले अजून समजलं नाही. जिभेले हाड नसते बाई. मंग मी वाट पाह्यली तुही. वाटे, एक डाव येशीन, भांडशीन, मी रडीन, मिटून जाईन. तू आलीच नाही. नऊ साल तू मिठाबिगर खाल्लं झुंबर, अन् इथं माह्या घशाखाली घास उतरला नाही." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आता आत ये. अंडी फुटतीन."

तांबडी कोंबडी आतल्या खोलीत कोठीखाली बसली होती. झुंबरबाईनं तिला उचलायला हात घातला तशी तानुबाई ओरडली, "हालवू नको! खुडकीची जागा बदलली तर उठून जाते. अंडी इथंच ठेव. तूच येत जा."

म्हणजे एकवीस दिवस. रोज. ज्या घराचा उंबरा नऊ वर्षं ओलांडला नाही तिथं रोज सकाळी कणी घेऊन जायचं, कोंबडीला उठवून पाणी पाजायचं, पुन्हा बसवायचं. पहिले तीन दिवस झुंबरबाई काम झालं की लगेच निघे. चौथ्या दिवशी तानुबाईनं गुळाचा चहा पुढे ठेवला. सातव्या दिवशी दोघींनी छपराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात एकेक अंडं धरून पाहिलं. अकरा अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा होत्या, दोन रिकामी होती. तानुबाईला मोतीबिंदूमुळे काही दिसत नव्हतं, तरी ती प्रत्येक अंड्याला "हाये, हाये" म्हणत होती.

दहाव्या दिवशी झुंबरबाईनं चंचीतून तो कागद काढला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून, तानुबाईच्या मार्फत, थोरले दीर शेषराव यांच्यापुढे ठेवला. शेषरावांनी चष्मा नाकावर चढवला आणि तिसऱ्याच ओळीवर थांबले. मोठ्यानं वाचलं, "या जातीच्या कोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत. पिले काढण्याकरिता देशी कोंबड्या जवळ ठेवाव्यात." मग तानुबाईला हसू फुटलं, आणि तिला बघून झुंबरबाईलाही. चाळीस अंडी, पाच कोंबड्या, एवढा खर्च एका ओळीपायी झाला होता, आणि ती ओळ चार महिने तिच्या कमरेला बांधलेली होती. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शेषराव चष्मा पुसत बसले.

एकविसाव्या दिवशी झुंबरबाई उजाडताच पोचली, तर तानुबाई आधीच कोठीसमोर जमिनीला कान लावून आडवी झालेली. "बोलून राह्यले," ती कुजबुजली. खरंच कोठीखालून बारीक चिवचिव येत होती. दुपारपर्यंत नऊ पिलं निघाली. गावरान तांबड्या आईच्या पंखांखालून पिवळी पिवळी डोकी बाहेर येत आणि पुन्हा आत जात. उन्हाळ्याची पिलं जगत नाहीत असं गाव म्हणतं, पण ही जगली, कारण दोन बाया पाळीपाळीनं त्यांच्यावर ओलं पोतं धरून बसायच्या. त्यातली सात मोठी झाली, आणि त्या सातांत तीन कोंबडे निघाले. कोंबडे ओळखू आले त्या दिवशी झुंबरबाईनं गावभर गूळ वाटला. लोकांना वाटलं लेकीला मुलगा झाला.

पुढचं सोपं होतं. रीत कळली होती आणि मागायची लाजही मोडली होती. पाऊस सरताच झुंबरबाई पदरात पांढरी अंडी घेऊन घरोघर फिरू लागली. जिची कोंबडी खुडूक, तिच्या घरी अंडी. निम्मी पिलं तिची, निम्मी झुंबरबाईची. कोंबडीला नाकात पीस घालून त्रास देण्यापेक्षा बायांना हे बरं वाटलं. आशाबाईनं एकदम दोन कोंबड्या बसवल्या आणि मेमसायबांची थट्टा आपोआप बंद पडली. युसूफच्या कावडीला एका बाजूनं पांढरी अंडी लागायला लागली.

पुढच्या माघात शेतकी खात्याचे तेच साहेब फिरतीवर आले. मेहकरहून नेलेल्या कोंबड्यांचं पुढे काय झालं, हे बघायला ते गावोगाव हिंडत होते. बहुतेक ठिकाणी कोंबड्या मेल्या होत्या किंवा खाल्ल्या गेल्या होत्या. झुंबरबाईच्या अंगणात त्यांना चार पांढऱ्या कोंबड्या आणि दोन कोंबडे दिसले.

"बाई, युसूफ म्हणत होता, तुमचा मोठा कोंबडखाना आहे. तो कुठं आहे?"

"दाखवते ना," झुंबरबाई म्हणाली. "चला."

आणि ती त्यांना गल्लीनं घेऊन निघाली. आशाबाईचं अंगण दाखवलं, तिथं अठरा. पुढच्या घरी सहा, त्याच्या पुढे नऊ. साहेबांचा कारकून वहीत आकडे मांडत चालला. ती प्रत्येक दारात थांबून नाव सांगे: हे आशाबाईचं घर, हे सुताराचं, हे जहांआरा बीचं. कुठं पिलं अंगणात उकरत होती, कुठं कोंबडी अजून अंड्यांवर होती, तिथं साहेबांनी चपला काढून आत वाकून पाहिलं.

शेवटी चार घरांपलीकडच्या मोठ्या ओसरीपाशी ती थांबली नाही. दारातून सरळ आत शिरली, खुंटीवरचं सूप काढून हातातली कणी त्यात ओतली आणि परसदाराकडे हाक मारली. चोवीस पांढरी पाखरं आणि एक तांबडी म्हातारी कोंबडी धावत आली. मागून तानुबाई भिंत चाचपत आली आणि जावेच्या खांद्याला धरून उभी राहिली.

कारकुनानं वहीवर पेन्सिल टेकवली. "हे घर कोणाचं लिहू?"

"हे?" झुंबरबाई म्हणाली. "हे आमचंच हाये."